गरम टायरची हवा

एप्रिल लागला की माझी एक खोड जागी होते. सकाळी कॉलेजला निघताना मी स्कूटीच्या चाकाला तळवा लावून बघते. दाबून नव्हे, नुसता लावून, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. सोलापुरातल्या आमच्या इमारतीखाली शेजारीपाजारी हे बघतात आणि बाईंचं काहीतरी बिनसलंय अशा चेहऱ्यानं पुढं जातात. बघेनात का. चाक गार असेल तरच मी हवा मोजते. उन्हातून आलेल्या चाकाला मीटर लावायला कुणी धावलं तर माझा आवाज चढतो. मी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तिथली मुलं या चढलेल्या आवाजाला चांगली ओळखून आहेत.

हा आवाज जळकोटचा आहे. हैदराबाद रस्त्यावर, गावाच्या तोंडाशी, आमचं हवा-पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पंक्चर शोधायला पाण्याचा अर्धा कापलेला पिंप. दुपारी बारानंतर पत्रा असा तापायचा की त्याच्याखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यात विचार टिकत नसे. रबराचा, सोल्यूशनचा आणि तापलेल्या डांबराचा वास एकमेकांत मिसळून अंगातल्या कपड्यांत मुरायचा. कावळे पिंपातलं काळं पाणी प्यायचे. समोरून कलिंगडांचे ट्रक जायचे, तुळजापूरला निघालेल्या जीपा जायच्या, हैदराबादच्या बसेस जायच्या. सगळं जग कुठंतरी निघालेलं असायचं आणि मी एका लाकडी खोक्यावर बसलेली असायचे.

त्या उन्हाळ्यात माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. निकाल लांब होता. मैत्रिणी कुणी मामाकडं, कुणी पुण्याला बहिणीकडं गेलेल्या. मी मात्र सकाळी आठ ते दिवेलागणीपर्यंत खोक्यावर. कारण आबांना काटा दिसत नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील. हवेच्या मीटरचा काटा कुठल्या आकड्यावर थांबला हे त्यांना दोन वर्षांपासून दिसेनासं झालं होतं. आधी काट्यामागचे आकडे पुसट झाले, मग काटाच पुसट झाला. ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. आईलाही आबांनी सांगितलं नव्हतं. हवा भरणाऱ्या माणसाला आकडा दिसत नाही असं एकदा कळलं की कोण गाडी थांबवेल? म्हणून आम्ही दोघांनी एक पद्धत बसवली होती. पाईप आबांनी धरायचा, मीटर मी. काटा सरकला की मी गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "तीस झाले. बत्तीस. पस्तीस झाले आबा." आबा नळी काढायचे. "पोरगी हुशार हाय," ड्रायव्हर म्हणायचे. आबा हसायचे. मला त्या हसण्याचा रागच यायचा.

माझं कॉलेज सकाळचं, म्हणून एरवी दुकान मी आल्यावरच उघडायचं. बारावीच्या परीक्षेत तर आम्ही कमाल केली होती. माझा पेपर असेल त्या दिवशी आबांना ताप यायचा आणि दुकान बंद राहायचं. सहा पेपर, सहा ताप. मधल्या दिवसांत ते ठणठणीत असायचे.

सोलापूरच्या कॉलेजचा प्रवेशाचा फॉर्म मी आणून ठेवला होता, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, वायूंच्या धड्यात. बी.एस्सी. आणि वसतिगृह. तो फॉर्म मी आबांना दाखवला नव्हता. कसा दाखवणार? मी गेले तर दुकान बंद, आणि आबांना हवेशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मी राहिले तर माझं आयुष्य त्या खोक्यावर. रोज दुपारी मी मनातल्या मनात हे गणित मांडायचे आणि रोज उत्तर तेच यायचं. कधीकधी मला वाटायचं, आबांचे डोळे पूर्ण जावेत, म्हणजे निदान लपवायचं तरी संपेल. असं वाटलं की मला स्वतःचीच लाज वाटायची आणि मी उगाच उठून पिंपातलं पाणी बदलायचे.

अशाच एका दुपारी ती गाडी आली.

पिवळी, बसकी, जमिनीला पोट लावून चाललेली. जळकोटात असली गाडी कुणी थांबलेली पाहिली नव्हती, जाताना फार तर आवाज ऐकला होता. समोरच्या चहाच्या हॉटेलातली पाच-सहा माणसं हातातले कप घेऊन आली. दार उघडलं आणि आतून बड्या मालकाऐवजी घामानं भिजलेला, चाळिशीचा, साधा माणूस बाहेर आला. त्याचं नाव बालाजी. मूळचा उमरग्याकडचा, पुण्यात ड्रायव्हर, मालकानं नवीच घेतलेली गाडी हैदराबादहून घेऊन निघालेला.

"आबा, जरा हवा बघता का? पडद्यावर आकडा चढतच चाललाय. फुटतंय का काय टायर, भेव वाटाया लागलंय."

गाडीतल्या पडद्यावर चारही चाकांची हवा दिसत होती. पुढं एकोणचाळीस, मागं बेचाळीस. इतक्यात त्याचा फोन वाजला. मालक. गाडी कुठं आहे हे मालकाला पुण्यात बसून मोबाईलवर दिसत होतं आणि गाडी थांबली की फोन यायचा. "हवा बघाया थांबलोय साहेब," बालाजीकाका म्हणाले आणि फोन ठेवून कपाळ पुसलं. "टिंब हललं न्हाय की फोन येतो बघा."

आबांनी नेहमीचे तीन प्रश्न विचारले. ट्रक असो, जीप असो, ते तीन प्रश्न झाल्याशिवाय ते नळीला हात लावत नसत.

"जायचं कुठं?"

"पुण्याला."

"भरलंय काय?"

"काय न्हाय. म्या एकलाच."

"ऊन किती खाल्लंय?"

"सकाळधरनं पळतीय की."

मी दारापाशी वाकून आतली चिठ्ठी वाचली. कंपनीनं तिथं आकडे छापलेले होते, दोन रकाने. पहिला साध्या चालवण्याचा, पुढं तेहतीस आणि मागं छत्तीस. दुसरा वेगात पळवायचा, पुढं अडतीस, मागं बेचाळीस. मला एकदम उलगडा झाला. ही तर दुसऱ्या रकान्याची हवा! कुणीतरी शर्यतीच्या हिशोबानं भरून दिली होती आणि हा बिचारा साध्या रस्त्यानं एकटा निघाला होता. पहिल्या रकान्यावर आणली की झालं. दोन वर्षं नुसते आकडे वाचून दाखवणाऱ्या मला त्या दिवशी पहिल्यांदाच आकड्यांचा अर्थ लागला होता, आणि तोही पाच-सहा माणसांदेखत.

"सहा पॉइंट जास्त आहे," मी म्हणाले. "कमी करावी लागेल."

आबा उकिडवे बसले. त्यांनी एकेका चाकाला तळवा लावला. टायरची बाजू इतकी कमी उंचीची होती की त्यांचा हात अर्धा लोखंडावर टेकत होता.

"नगं," ते म्हणाले. "ही भरलेली हवा न्हाय, उन्हानं फुगलेली हाय. सावलीत लावा. दोन-तीन तासांनी गार झाली की बघू."

"तीन तास?" बालाजीकाकांनी फोनकडं बघितलं. "मालक जित्ता ठेवंल का मला?"

"आबा, इथं लिहिलंय," मी म्हणाले.

"लिव्हलेलं गार टायरचं असतंय. भाकरी फुगली म्हनून पीठ जास्ती झालं व्हय?"

हॉटेलातली माणसं हसली. मला वाटलं, मलाच हसली. आणि त्या उन्हात, त्या पत्र्याखाली, दोन वर्षांचं साचलेलं माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"तुम्हाला काटा तरी दिसतो का, आबा? दोन वर्षं झाली, मीच वाचतेय ना?"

 कॉम्प्रेसरची टाकी भरली होती, त्यामुळं तो नेमका तेव्हाच बंद पडला. आबा उठले, खांबाजवळच्या बाकावर जाऊन बसले आणि मान खाली घालून हात पुसत राहिले. मला तिथंच थांबता आलं असतं. पण मी थांबले नाही. मी चारही चाकांना मीटर लावला, एकेक व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली. फुस्स, थांब, बघ. फुस्स, थांब, बघ. पुढं तेहतीस, मागं छत्तीस, काटा अगदी आकड्यावर. बालाजीकाकांनी माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, न मागता माझ्या हातावर नोट ठेवली आणि गाडी नळदुर्गाकडं गेली. माणसं कप घेऊन परत गेली.

आबा मला एक शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.  हात पुसून झाल्यावर ते म्हणाले, "रात्री ती गार हुईल. मंग किती ऱ्हाईल?"

आणि मला माझा पेपर आठवला. आकारमान तेच राहिलं आणि तापमान वाढलं तर वायूचा दाब वाढतो, कारणे द्या. तीन गुणांचा प्रश्न. मी आकृतीसकट लिहिला होता. पेपरात लिहिलेलं पेपरातच ठेवून मी घरी आले होते. गार झाल्यावर पुढं अठ्ठावीस उरणार, मागं तीस-एकतीस. आणि मालक उद्या तीच गाडी, तसल्याच बसलेल्या चाकांवर, मोठ्या रस्त्यावर हौसेनं पळवणार. मऊ चाक वेगात आणखी तापतं, आणि मग ते खरंच फुटतं. 

"गाडी काढ," आबा म्हणाले.

"कुठली?"

"आपली. किती गाड्या हायत आपल्याकडं?"

आमच्याकडं एक जुनी मोपेड होती. मी चालवायला, आबा मागं, त्यांच्या मांडीवर पायानं मारायचा पंप. असल्या गाडीचा पाठलाग मोपेडवर करणं म्हणजे वेडेपणाच. मी तसं म्हणाले. आबा म्हणाले, "ती गाडी पळाया केली, हा रस्ता न्हाय. चल तू."

तेव्हा रस्ता चौपदरी करण्याचं काम चालू होतं. जागोजाग खोदलेलं, जागोजाग वळवलेलं, आणि प्रत्येक गावापुढं गतिरोधक. गरम वारा तोंडावर येत होता, मुरमाची धूळ दातांत करकरत होती.  सहाव्या-सातव्या किलोमीटरला ती दिसली. वळणरस्त्यावर मुरमाचा एक उंचवटा होता, त्यावर चढली असती तर तिचं पोट घासलं असतं. मागं ट्रकांची रांग, पुढं उंचवटा, आणि बालाजीकाका खाली उतरून चाकांपुढं सपाट दगड मांडत होते. ट्रकवाले हॉर्न मारत होते. बालाजीकाकांचा फोनही वाजत होता. मला त्या माणसाकडं बघून रडू आलं, खरंच आलं. इतकी पळणारी गाडी त्याच्या हाती होती आणि त्याला हलता येत नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी मिळून दगड मांडले. गाडी पलीकडं गेली, बाभळीखाली लागली. मी जे काय चुकलं ते सांगितलं, एका दमात. बालाजीकाका म्हणाले, "आता वो? मशीन तर तुमच्या दुकानात."

आबांनी पंप मांडला. मी मीटर काढला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "पुढल्या डाव्याची किती सोडलीस?"

मला कुठं आठवतंय?

"अकरा मोजंस्तोवर," तेच म्हणाले. "पुढल्या उजव्याची धा. मागल्यांची बारा-बारा."

चारचौघांत मान खाली घालून बसलेला माणूस मी सोडलेली हवा कानानं मोजत होता. का मोजत होता ते मी विचारलं नाही. त्यांनी पंपावर पाय ठेवला आणि मनाशी हिशोब करत मारायला सुरुवात केली. बालाजीकाकांनी मधे दोन चाकं घेतली. घामानं आबांचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी गाडी थोडी पुढं-मागं केली तेव्हा पडद्यावर आकडे आले. तीन चाकं दुकानात आली तेव्हासारखी, एकात एक पॉइंट कमी.

"ते ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "ते तुमी मारलेलं हाय."

बालाजीकाका हसले. मग दाराशी थांबून त्यांनी अगदी सहज विचारलं, "आबा, धुरकट दिसतंय का तुमाला? दिव्याभवती कडं दिसतंय?"

आबांनी जरा वेळानं सांगितलं, "व्हय."

"मंग मोतीबिंदू हाय की! माझ्या मायचा काढला परवा. सकाळी नेली, दुपारच्याला च्या पीत बसली. एवढं काय त्यात?"

फोन वाजला आणि ते गेले. सावकाश, पुढच्या गतिरोधकावर तिरपे होत, एकेक चाक चढवत.

त्या बाभळीखाली मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. आनंद झाला म्हणावं तर राग जास्त होता. दोन वर्षं! आबा आंधळे होत चाललेत असं मी धरून चालले होते. तो शब्द नको म्हणून मी त्यांना कधी नीट विचारलंही नव्हतं. सहा खोटे ताप, पुस्तकात दडवलेला फॉर्म, सगळं एका दुपारच्या कामापायी.

मे महिन्याच्या शेवटी सोलापुरात आबांचा एक डोळा झाला, पुढं दुसरा. पट्टी काढली तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाले, "वाळलीस की गं." दुकान पुन्हा उघडलं तर एकही गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. हॉटेलवाल्यानं उलट विचारलं, "आबा, पोरीच्या पेपरच्या दिशीच तुमाला बरा ताप यायचा?" सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. लपवत होतो ते आम्ही दोघंच, एकमेकांसाठी. फॉर्म मी भरला आणि जुलैत सोलापूरला गेले. आबांनी दुकानावर एक पत्रा रंगवून लावला, अजून आहे. "गरम टायरची हवा कमी करून मिळणार नाही."

यंदाच्या एप्रिलात दोन दिवस गावी गेले होते. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झालाय. गाड्या थांबत नाहीत, आमचं दुकान बाजूच्या रस्त्यावर पडलंय. पत्रे तेच, वास तोच. दुपारी मी आणि आबा बसलो होतो, तेवढ्यात पलीकडून एक बसकी गाडी सूं करून गेली. लाल होती. आबांनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

"एक सांगायचं ऱ्हायलंय तुला," ते म्हणाले. "रागाला येऊ नगंस."

असं म्हटल्यावर माणसाला राग यायला सुरुवातच होते.

"नळदुर्गाला शिबिर झालं व्हतं डोळ्यांचं. तू अकरावीला व्हतीस. म्या गेलो व्हतो. डॉक्टर म्हनला, मोतीबिंदू हाय, पुढल्या आठवड्यात या, काढून टाकू. म्या गेलो न्हाय."

"का?"

आबा पिंपातल्या पाण्याकडं बघत होते.

"दिसाया लागलं असतं तर तू खोक्यावर कशाला बसली असतीस?"

मी उठले.  अकरावीचं गॅदरिंग, मैत्रिणींबरोबर नळदुर्गचा किल्ला, मामाकडची सुट्टी, पत्र्याखालची एकेक दुपार, मी सगळं त्यांच्यापुढं मांडणार होते, एकेक करून. आणि बाभळीखाली बालाजीकाकांना जरा वेळानं दिलेलं ते "व्हय". ते तर सर्वांत आधी. चारच्या एसटीनं निघून जायचं मी ठरवलंही.

तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली. लांबून आलेलं कुटुंब होतं. बापमाणूस खाली उतरून म्हणाला, हवा फार झालीय, जरा काढा. आबांनी रंगवलेल्या पत्र्याकडं बोट दाखवलं. तो वैतागला, दोन शब्द बोलला, मग बायकापोरांना घेऊन समोर चहाला गेला. मोटार सावलीत उभी राहिली.

चारची एसटी गेली. मी बसले. बाकावर आबा होते, म्हणून त्याच खोक्यावर.  ऊन खांबावरून खाली सरकलं, कावळे येऊन गेले, गार होताना पत्रा अधूनमधून वाजत राहिला. माझा राग गेला नव्हता, पण मघाशी जे बोलणार होते त्यातलं निम्मं आता मलाच खरं वाटेना.

संध्याकाळी आबांनी चाकाला तळवा लावला आणि नळी जोडली. चष्मा त्यांच्या खिशात होता, तो त्यांनी काढला नाही. मीटर माझ्यापुढं धरला.

"वाच."

त्यांना दिसत होतं. त्यांना दिसतंय हे मलाही ठाऊक होतं.

"तेहतीस," मी वाचलं.

"बरोबर," आबा म्हणाले. ते काट्याकडं बघत नव्हते.